पोटाचा प्रश्न

‘पोटाचा प्रश्न’ हे शब्द मी सदतीस वर्षे ऑफिसात ऐकले. महागाई भत्ता अडला की युनियनचे लोक हा प्रश्न घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये जात आणि चहा पिऊन बाहेर येत. निवृत्त झाल्यावर निदान आपल्यापुरता तो सुटला, अशी माझी समजूत होती. पण गेल्या श्रावणात तो पुन्हा माझ्या दारात उभा राहिला, आणि तोही चार पायांवर.

आमचा सीझर हा कुत्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो. कारण तो स्वतः ते मान्य करीत नाही. त्याचे वडील पामेरियन होते असे तो देणाऱ्या गृहस्थांनी छातीठोकपणे सांगितले. आईबद्दल त्यांनी मौन पाळले. शेपटीवरून पाहता मातुल घराणे चेंबूर स्टेशनाच्या आसपासचे असावे. नाव आमच्या मुलीने ठेवले, कारण ती तेव्हा बी. ए.ला शेक्सपिअर करीत होती. आईला मात्र ‘सीझर’ काही जमेना. ती त्याला ‘शिजर’ म्हणू लागली. नावातच शिजवणे आल्यामुळे असेल, पण या प्राण्याला न शिजवलेले काही द्यावे हे तिला कधी पटले नाही.

आईचे वय शहाऐंशी. माझे वडील गेले त्याच्या पुढच्या वर्षी सीझर आला. तेव्हापासून दुपारी दोन ते चार आई देवघरासमोर पोथी वाचते आणि सीझर तिच्या लुगड्याच्या काठावर हनुवटी टेकून ती ऐकतो. अध्याय संपला की उठतो. घरातल्या इतर कोणाला एवढी शिस्त नाही.

तर श्रावणात या श्रोत्याचे पोट बिघडले. सकाळी फिरायला नेले की गवत खायचा, घरी येऊन ते नेमके सतरंजीवर परत करायचा. रात्री त्याच्या पोटात हार्बर लाइनची लोकल शंटिंग करते आहे असे आवाज. बाकीचे तपशील, वाचकहो, तुम्ही हा लेख कदाचित चहाबरोबर वाचत असाल म्हणून गाळतो.

चेंबूर हे सल्ल्यांच्या बाबतीत फार समृद्ध उपनगर आहे. फाळणीनंतर इथे सिंधी निर्वासितांची छावणी वसली, मद्रासकडची मंडळी आली, पंजाबी आले, घाटल्याचे गावकरी आणि तुर्भ्याचे कोळी तर मूळचेच. त्यामुळे एका पोटदुखीवर आठ प्रांतांतली औषधे जिन्यातच मिळतात. दुसऱ्या मजल्यावरच्या मामींनी दहीभात सांगितला. पण मोहरी-कढीपत्त्याची फोडणी नको, असे दोनदा बजावले. सिंधी शेजाऱ्यांनी मुगाच्या खिचडीचा आग्रह धरला आणि त्याबरोबर मला पापड खायला लावला. पंजाबी सरदारजी म्हणाले, “दूध पिलाओ जी, मलाई मारके!” गंमत अशी, की मामींचा सल्ला त्यातल्या त्यात शहाणपणाचा होता आणि सरदारजींचा अगदी उलटा. मोठ्या झालेल्या पुष्कळ कुत्र्यांना दुधातली साखर नीट पचत नाही. पण सरदारजींचा आवाज मोठा, म्हणून आम्ही आधी दूध दिले. सतरंजी पुन्हा धुवावी लागली.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सीझरचे पोट चेपले, माझी चौकशी केली आणि म्हणाले, “घरचं सगळं बंद. ड्राय फूड सुरू करा. एकच कुठलं तरी. आणि हळूहळू.”

या चार वाक्यांपैकी मी फक्त दुसरे ऐकले. पुढे जे काही झाले त्याचे मूळ त्यातच आहे.

घरी आल्यावर मी जाहीर केले, “उद्यापासून सीझरला सुकं खाणं.” आमच्याकडे वर्षानुवर्षे मासे देणारी कोळीण नेमकी दारात टोपली उतरवत होती. तिने लगेच बोंबलांची एक जुडी पुढे केली. “सुकं ना? ह्ये घ्या. खारवलेलं नाय, नुस्तं वाळवलेलं हाय.” तिची समजूत घालून आत वळतो, तो आई उंबऱ्यात.

“कोरडं?” आई म्हणाली. “काय रे, काय गुन्हा केलाय त्याने?”

“आई, अगं, डॉक्टरांनीच सांगितलंय.”

“नामदेवमहाराजांची गोष्ट ऐकली आहेस ना?”

आता नामदेवांची गोष्ट महाराष्ट्रात कोणी ऐकली नाही? कुत्रा भाकरी पळवतो आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावतात, कोरडी खाऊ नको म्हणून. पण त्या गोष्टीचा उपयोग कोणी माझ्याविरुद्ध करील असे मला वाटले नव्हते. आमच्या संतपरंपरेने ड्राय फूडविरुद्ध सातशे वर्षांपूर्वीच निकाल देऊन ठेवला होता. वर अपील कुठे करणार?

तरी दुकानात गेलो. पूर्वी दुकानात तांदूळ घ्यायचा तर दोनच प्रश्न असत: जुना की नवा, आणि रेशनचा की बाजारचा. इथे जमिनीपासून छतापर्यंत पिशव्यांची भिंत! पिल्लांचे वेगळे, म्हाताऱ्यांचे वेगळे, जाड्यांचे वेगळे. प्रत्येक पिशवीवर बर्फाच्या डोंगरासमोर उभा असलेला सोनेरी केसांचा एक कुत्रा. त्याच्या चेहऱ्यावर इतके समाधान, की ते मी कुठल्याच चेंबूरकराच्या चेहऱ्यावर पाहिलेले नाही. आणि सात-आठ पिशव्यांवर मोठ्या अक्षरांत ‘सेन्सिटिव्ह स्टमक’. किमती पाहून माझेच स्टमक सेन्सिटिव्ह झाले. माझी मुंज याहून स्वस्तात झाली होती.

मी जन्माचा कारकून. कुठलाही कागद खालच्या बारीक अक्षरांपासून वाचायचा, ही सवय. म्हणून पिशवी उलटी केली. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. म्हणजे पहिले नाव सर्वांत जड. एका पिशवीवर पहिले नाव ‘ताजे चिकन’. वा! पण कोंबडीच्या ताज्या मांसात दोनतृतीयांशाहून जास्त पाणी असते आणि ही यादी पाण्यासकट वजनाची. वाळवून दाणा झाल्यावर पहिला नंबर बहुधा खालच्या मक्याचा किंवा तांदळाचा निघतो. दुसऱ्या पिशवीवर ‘चिकन मील’ होते. ते ऐकायला गरीब वाटले, तरी आधीच वाळवलेले असते, म्हणून त्यात पदरात जास्त पडते. तिसरीवर नुसता ‘चिकन फ्लेवर’. हा प्रकार आपल्याला नवा नाही. आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये व्हेज पुलावात मटार याच न्यायाने असत. आणि ‘सेन्सिटिव्ह स्टमक’ हे काही रोगाचे नाव नव्हे. पोट का बिघडते हे डॉक्टरांनाच शोधावे लागते. पिशवीला ते माहीत नसते.

एक पिशवी घेतली. चार दिवसांत फरक नाही, म्हणून दुसरी घेतली. मग तिसरी. तीन आठवड्यांत आमच्याकडे चार पिशव्या झाल्या आणि सीझरची अवस्था नव्या शाखेत दर सोमवारी बदली होणाऱ्या माणसासारखी झाली. वास्तविक कुत्र्याच्या आतड्याला नव्या अन्नाची ओळख व्हायला आठ-दहा दिवस लागतात. आधी जुन्यात पावभर नवे, मग निम्मे, मग पाऊण, अशा चालीने जायचे असते. ‘हळूहळू’ म्हणजे हेच. पण मी तोवर वाचनालयात जाऊन बसलो होतो. सध्याचे प्रश्न सुटेनासे झाले की मराठी माणूस इतिहासात शिरतो.

आणि इतिहास होताही मोठा मजेशीर. हे सुके खाणे शोधून काढणारा माणूस वीजरोधक तारा विकणारा होता! जेम्स स्प्रॅट त्याचे नाव. अमेरिकेच्या ओहायोतून तो १८६० च्या सुमारास इंग्लंडला गेला. घरांवर वीज पडू नये म्हणून बसवायच्या तारा विकणे हा धंदा. असे सांगतात, की गोदीत जहाजावरच्या खलाशांनी फेकलेली कडक बिस्किटे तिथली भटकी कुत्री चवीने खाताना त्याला दिसली. तुम्हीआम्ही म्हटले असते, ‘बिचारी भुकेली दिसतात.’ स्प्रॅट विक्रेता होता. त्याला कुत्रे दिसले नाही, गिऱ्हाईक दिसले. १८६१ साली त्याने पेटंट घेतले; गव्हाचे पीठ, भाज्या, बीट आणि अमेरिकेच्या कुरणांतल्या जनावरांचे वाळवलेले मांस घालून केलेली वडी. खलाशांची ती बिस्किटे मुळात का होती, तर महिनोन्महिने टिकावीत म्हणून. चवीसाठी नव्हे, पचावीत म्हणूनही नव्हे. म्हणजे जगातल्या पहिल्या ड्राय फूडचा पहिला गुण ‘कपाटात राहते’ हा. पोट हा विषय त्यात नव्हताच.

स्प्रॅटच्या पेढीत चार्ल्स क्रफ्ट नावाचा एक पोरगेला नोकर लागला. बिस्किटे विकता विकता त्याच्या लक्षात आले, की ज्याचा कुत्रा शेजाऱ्याच्या कुत्र्यापेक्षा देखणा असायला हवा तो माणूस बिस्किटाला कितीही पैसे देतो. १८९१ साली त्याने लंडनला स्वतःच्या नावाचे श्वानप्रदर्शन भरवले. ‘क्रफ्ट्स’ हे प्रदर्शन जगभर गाजले. म्हणजे आधी बिस्किट, मग त्याला शोभेसा कुत्रा. आपल्याकडे आधी घोडा पाहून मग नाल शोधतात, यांनी नाल खपवण्यासाठी घोडदौड ठेवली.

अमेरिकेत १९०८ साली हाडाच्या आकाराची बिस्किटे आली. पहिल्या महायुद्धानंतर घोड्यांची गरज सरली, तेव्हा १९२२ पासून घोड्याचे मांस डबाबंद करून कुत्र्यांना देऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात पत्रा लढाईला लागला आणि कुत्र्याच्या डब्याला पत्रा मिळेना. झाले, पुन्हा सुके! नंतर १९५७ मध्ये प्युरिना कंपनीने आजच्यासारखा फुललेला दाणा बाजारात आणला. हे यंत्र समजायला आपल्या बायकांना अडचण पडू नये. चकलीचा सोऱ्या डोळ्यांपुढे आणा. पीठ आणि मांसाचा लगदा एका तापलेल्या नळीत वाफेच्या दाबाखाली पुढे रेटतात. तोंडाशी साच्यातून तो बाहेर पडला, की दाब एकदम सुटतो आणि लगदा फुलतो. फिरते पाते त्याचे तुकडे करते. ते वाळवायचे आणि वरून चरबी फवारायची, कारण त्याशिवाय कुत्रा त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. म्हणजे तुपाची वाटी तिथेही आहेच. फक्त ती घेऊन मागे कोणी धावत नाही.

हे मी संध्याकाळी आईला रंगवून सांगत असे. तिला स्प्रॅट आवडला नाही. “विजेच्या तारा विकणाऱ्याला काय कळणार?” असे म्हणून तिने त्याला एका वाक्यात निकालात काढले. पण एक गोष्ट तिला फार आवडली, आणि ती सांगितल्याचा मला अजून पश्चात्ताप होतो.

ती गोष्ट आपल्या मुंबईचीच. १८३२ साली मोकाट कुत्री मारायचा सरकारी हुकूम होता. कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. आठ आण्यांसाठी कुत्रे पकडणारे लोकांच्या घरात शिरू लागले. ६ जूनला कोटातले पारशी बिथरले, त्यांनी या लोकांना चोपले. दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडला आणि गोऱ्या पलटणीचे अन्नपाणी अडवले गेले. साहेबाचा नाश्ता कुत्र्यापायी चुकला! पारशांना राग येण्याचे कारण त्यांच्या धर्मात कुत्रा पवित्र. माणूस गेल्यावर त्याच्या देहावर कुत्र्याची नजर पाडायची, असा त्यांचा विधी आहे. त्यांच्या वेंदिदाद या ग्रंथात तर कुत्र्याच्या जेवणाचे कायदेच आहेत. मेंढपाळाच्या कुत्र्याला वाईट अन्न देणे हा अपराध. फार टणक हाड किंवा फार गरम घास देऊन त्याला इजा झाली, तर पाप. मुंबईत परळला जनावरांचे जुने इस्पितळ आहे, तेही बाई साकरबाई दिनशा पेटिट या पारशी बाईंच्या नावाचे. ते १८८० च्या दशकातले. तिथेच परळला १८८६ साली गुरांच्या डॉक्टरांचे कॉलेज सुरू झाले.

“आणि काय द्यावं म्हणतात ते पारशी?” आईने विचारले.

ग्रंथात जे होते ते मी सांगितले. “दूध. आणि मांसाबरोबर चरबी.”

“म्हणजे स्निग्ध,” आई म्हणाली. “बघ. आपले नामदेव आणि त्यांचा ग्रंथ, दोघांचं एकच म्हणणं.”

मी हसलो. इतिहास हा ज्याच्या हातात पडतो त्याचा होतो, हे मला कळायला हवे होते.

गणेशचतुर्थीच्या रात्री दोन वाजता सीझर उठला, पाठ कमानीसारखी केली आणि पुढचे पाय पसरून, मागचा भाग वर ठेवून तसाच उभा राहिला. नमस्कार घालतोय असे वाटले. मग उलट्या सुरू झाल्या, त्या थांबेनात. पहाटे रिक्षातून नेला. डॉक्टरांनी रक्त घेतले, सलाइन लावले. स्वादुपिंडाला सूज. “काल काय तुपकट खाल्लं?” त्यांनी विचारले. मी ठामपणे म्हणालो, “काही नाही. घरचं सगळं बंद आहे.” डॉक्टर काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्यासारखे पुष्कळ पाहिले असावेत.

घरी येऊन पाहतो तो आई देवघरासमोर बसलेली. पोथी मिटलेली. पुढ्यात तुपाची वाटी.

“मीच दिलं,” ती म्हणाली. “तीन मोदक. तूप घालून.” मग थोड्या वेळाने, “रोजच देत होते. भाकरीचा चतकोर. तूप लावून. तू वाचनालयात गेलास की.”

माझा संताप अगदी ओठांवर आला होता. चार पिशव्या, तीन आठवडे, एवढी सतरंजीची धुलाई. आणि खरे कारण दुपारी तीन वाजता देवघरासमोर रोज घडत होते! माणसाला चरबी जितकी सोसते तितकी काही कुत्र्यांना सोसत नाही. एक जड जेवणसुद्धा नाजूक कुत्र्याच्या स्वादुपिंडाला पुरते. त्यात मोदकाच्या सारणात बेदाणे असते तर आणखी वेगळेच संकट. द्राक्षे-बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात आणि कांदा-लसूण त्याच्या रक्ताला. हे सगळे मी तिला ऐकवणार होतो.

पण ती म्हणाली, “तुला कोलेस्टेरॉल. सुनेला साखर. नात पुण्याला, ती नुसता पालापाचोळा खाते. हे होते तोवर वरणभातावर तूप मागायचे. आता मी कढवलेलं तूप खाणारा घरात तो एकटाच उरला होता रे.”

मी काही बोललो नाही. हिने आत जाऊन आईसाठी चहा ठेवला. आईने तो घेतला नाही.

तीन दिवस सीझर सलाइनवर होता आणि तीन दिवस आई नुसत्या पाण्यावर. घरात गणपती, आणि नैवेद्याला वाढलेले पान तसेच परत यायचे. डॉक्टर सीझरबद्दल सांगत, “बघू, आज काही खात नाहीये.” घरी येऊन मी तेच वाक्य आईबद्दल मुलीला फोनवर सांगत असे.

त्या दवाखान्याच्या बाकावर मी इतिहासाचा उरलेला भाग वाचला. तो जर मी आधी वाचला असता! अमेरिकेत १९३९ साली मॉरिस फ्रँक नावाचा अंध माणूस आपल्या वाटाड्या कुत्र्याला घेऊन गावोगाव हिंडत होता. अंधांना कुत्र्याची सोबत मिळावी, याचा तो प्रचार करी. त्याच्या कुत्र्यांचे नाव एकामागून एक ‘बडी’च. या बडीची मूत्रपिंडे निकामी होत आली. कुत्रा गेला तर या माणसाचे डोळेच गेले. मार्क मॉरिस नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने ठरवले, की औषधापेक्षा अन्नच बदलून पाहू. मूत्रपिंडाला ओझे होणार नाही असे अन्न त्याने नवराबायकोने मिळून घरच्या स्वयंपाकघरात शिजवले आणि काचेच्या बरण्यांत भरून पाठवले. बरण्या वाटेत फुटत. पुढे १९४८ साली हिल नावाच्या डबेवाल्या कंपनीशी करार झाला. त्यानंतर फ्रान्समध्ये १९६८ साली कातारी नावाच्या डॉक्टरनेही कुत्र्यांच्या कातडीच्या विकारांवर असेच अन्न तयार केले. स्प्रॅटने बिस्किट काढल्यावर जवळजवळ ऐंशी वर्षांनी ‘या कुत्र्याला हे सोसेल का?’ असे विचारणारा माणूस भेटला, आणि तोही चुलीपाशी.

मला ती बाब फार लागली. आई चुकली होती, पण तीही चुलीपाशीच उभी होती. आणि मी? मी स्प्रॅटच्या बाजूने, पिशव्यांच्या भिंतीसमोर.

चौथ्या दिवशी सीझरने शेपूट हलवली. मी घरी येऊन आईला सांगितले. तिने विचारले, “भात खाल्लान?” मी म्हटले, “उकडलेला. दोन घास. मीठ नाही, तूप नाही.” ती उठली, हात धुतले आणि तिने स्वतःसाठी तसाच भात वाढून घेतला. मीठ नाही, तूप नाही. ही दाराआड उभी राहून डोळे पुसत होती.

मग डॉक्टरांचे चार वाक्यांचे तेच भाषण मी पुन्हा ऐकले. या वेळी चारही वाक्ये. कमी चरबीचा एकच दाणा. बदल दहा दिवसांत. आणि पुढे दोन महिने दुसरे काहीही नाही. बिस्किट नाही, शेंगदाणा नाही, प्रसाद नाही. खाण्यातले नक्की काय सोसत नाही हे कळायला निदान तेवढे दिवस लागतात, आणि मध्ये एक चतकोर जरी गेला तरी सगळा हिशेब नव्याने. पुष्कळदा दोष निघतो तो गव्हातांदळापेक्षा गोमांस, दूध, कोंबडी अशा रोजच्या प्रथिनांचा. धान्य कुत्र्याला वर्ज्य, असे हल्ली पिशव्याच सांगतात. पण २०१३ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवले, की पिठूळ अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्याकडे दोन प्रती असतात आणि कुत्र्याकडे त्याहून कितीतरी जास्त. माणसाच्या उष्ट्याशी त्याने हजारो वर्षांत जुळवून घेतले आहे. मामींचा दहीभात आणि आईची भाकरी यांना शास्त्राचा आधार निघाला. आधार नव्हता तो फक्त तुपाला.

प्रश्न उरला तो दाणा रोज घालणार कोण, याचा. मी म्हटले, मी घालीन. ही म्हणाली, “अहो, तुम्ही नको. आईंकडेच द्या.” मला ते धाडसाचे वाटले. उंदराला खजिन्याची किल्ली द्यावी तसे. पण हिच्याशी वाद घालून मी आजवर काही जिंकलेलो नाही.

आईने माळ्यावरून पितळी चिपटे काढायला लावले. चिंचेने घासून लखलखीत केले. डॉक्टरांनी ग्रॅमचा आकडा लिहून दिला होता, तो मी काट्यावर तोलून चिपट्यात आतून रेघ मारून दिली. पहिल्या सकाळी तिने रेघेपर्यंत भरले आणि सवयीने वर शीग लावली.

“आई, शीग नको.”

“शिगेशिवाय माप म्हणजे मारवाड्याचं,” ती म्हणाली. पण बोटाने सपाट केले. सांडलेले सात दाणे मोजून परत डब्यात टाकले.

मग म्हणाली, “पाण्यात भिजवलं तर चालेल ना? की तेही नाही?”

मी डॉक्टरांना फोन केला. कोमट पाणी घालून मऊ केलेला दाणा चालतो. फक्त भिजवलेला फार वेळ ठेवायचा नाही, आपल्या हवेत तो आंबतो. आई ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर असे काही आले, की डॉक्टरांची फी मला पहिल्यांदाच कमी वाटली. “म्हणजे कोरडं नाही तर,” ती म्हणाली.

आता रोज सकाळी साडेसातला ती पाणी कोमट करते, मनगटावर थेंब टाकून पाहते, दाण्यावर ओतते आणि चार मिनिटे घड्याळ लावून बसते. सीझरला एकेक दाणा उचलून दिवाणाखाली नेऊन खायची खोड आहे. ती चिपटे घेऊन त्याच्यामागे वाकत वाकत जाते. दोन महिने झाले. सतरंजी कोरडी आहे, शंटिंग बंद आहे, दुपारची पोथी चालू आहे. पोथी संपल्यावर तो तिच्या हाताकडे पाहतो. ती दोन्ही तळवे उघडून त्याला दाखवते, आणि तो सुस्कारा टाकून पुन्हा हनुवटी टेकतो.

तूप ती अजून कढवते. मागच्या गुरुवारी जेवायला बसलो, तर मागून हात आला आणि माझ्या वरणभातावर सणसणीत धार पडली. मी मान वर केली.

“तुझ्याबद्दल डॉक्टर काही बोललेले नाहीत,” आई म्हणाली.

बोललेले आहेत, माझे वेगळे डॉक्टर आहेत. पुढच्या मंगळवारी रक्त तपासायला जायचे आहे. तोवर रोज दीड चमचा चालू आहे.